मोटारीचा शेंदूर आणि मोगलाईचा नाका

हिंगोली म्हणजे काही काशी नव्हे. वाशीमहून बैलगाडीनं निघालेलं माणूस दुसऱ्या दिवशी तिथं पोचतं, आणि सर्व्हिस मोटारीत जागा मिळाली तर सकाळी जेवून निघून दुपारचा चहा लेकीच्या हातचा. तेव्हा हिंगोलीच्या प्रवासाचं काय वर्णन करायचं, असं कोणीही म्हणेल. पण आम्हाला त्या वाटेला पुरते दोन दिवस लागले, आणि तेही स्वतःच्या मोटारीनं. परवा भाचीच्या लग्नाला वाशीमला परत आले, तर आळीतल्या बायांनी हीच गोष्ट चारदा सांगायला लावली. "काकू, थे नाक्यावरचं सांगा ना व्हं!" पाचव्यांदा घसा कोरडा करण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. ज्यांनी पैनगंगा ओलांडली नाही त्यांनी वाचावं.

आता आधी हे सांगते, की नदीच्या अलीकडे इंग्रजी आणि पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. भाषा तीच, ज्वारी तीच, सोयरेही एकमेकांत; पण सरकार वेगळं, कागद उर्दूत, आणि मध्ये नाका. माणसानं जावं-यावं, कोणी अडवत नाही. सामान मात्र दाखवावं लागतं. आणि मोटार घेऊन कायमचं राहायला जाणारं आमच्या आधी आळीतून कोणी गेलंच नव्हतं.

आम्ही का गेलो? आमचे हे इथल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं मॅनेजर. जिनाचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याची जुनी मोटार ह्यांनी घेतली आणि करीमभाईला चालवायला ठेवलं. सात वर्षं मोटारीचं आणि ह्यांचं बरं चाललं. मग गेल्या ज्येष्ठात ओट्यावर बसल्या बसल्या ह्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दोनच शब्द तोंडात राहिले: 'नाही' आणि 'गाडी'. डोकं मात्र शाबूत. समोरच्याचं सगळं कळायचं, हीच तर पंचाईत.

आम्हाला मुलगा नाही. एकटी सुलू, ती हिंगोलीला दिलेली; जावई तिथं शाळेत मास्तर. दोघांनी पत्रावर पत्रं लिहिली, की आता इकडेच राहायला या. पण लेकीच्या घरी कायमचा राहायला जाणारा बाप आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. लेकीकडे पाहुणा म्हणून जायचं, दोन रात्री काढायच्या, तिसऱ्या दिवशी टोपी घालायची. हे चार महिने 'नाही' म्हणत राहिले. इकडे ह्यांना उचलून बसवता बसवता माझी कंबर धरली. दिवाळीनंतर एक दिवस करीमभाई अंगणात मोटार धुत होता. ह्यांनी डावा हात आधी मोटारीकडे केला, मग दक्षिणेकडे, आणि म्हणाले, "गाडी."

करीमभाईला माझ्या आधी कळलं.

"माय, साहेब म्हणून राह्यले का मोटार संगं असंल तं येतो. काहून नाई म्हणतीन? आपल्या गाडीतून उतरलं तं माणूस पाव्हणा दिसते. बैलगाडीत पेट्याईसंगं गेलं तं पेटीच दिसते."

हे हसले नाहीत, पण मान हलवली. म्हणजे सगळं मोटारीवर आलं. मोटार पोचली तर माझा माणूस लेकीपाशी पोचणार. मोटार अडली तर हेही तिथूनच माघारी. मी जावयाला कळवलं. त्यानं उलट लिहिलं, की येऊन परत जाणारी मोटार असेल तर नाक्यावर चिठ्ठी देतात. राहायला येणारी असेल तर पुरी तपासणी करतात. वाशीमचे मोटारीचे कागद सोबत आणा.

कागद घेतले. भांडी-पेट्या दोन दिवस आधी बैलगाडीनं रवाना केल्या. रहीमचाचा पिंजाऱ्यानं मोटारीच्या मागच्या बसायच्या जागेला नव्या कापसाची जाड गादी घालून दिली, ह्यांच्या पाठीला टेका राहील अशी. आळीतल्या बायांनी ओटी भरली, भाकऱ्या, ठेचा आणि तिळाची चटणी बांधून दिली. आणि मार्गशीर्षातल्या एका बुधवारी आम्ही निघालो.

नदीत

त्या दिवसांत रस्त्याला जाणं म्हणजे डोळ्यांना मेजवानी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर पिवळी, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले. वेचणाऱ्या बाया मोटारीचा आवाज ऐकून उभ्या राहायच्या, आणि ह्यांची टोपी दिसली की पदर सावरायच्या. अर्ध्याजणींचा कापूस ह्यांच्यासमोर तोलला गेलेला. एक म्हातारी ओरडलीच, "मॅनेजर सायेब, कोठी चालले?" ह्यांनी डावा हात वर केला. उत्तर देता येत नाही हे तिला कळलं नाही, ते बरंच झालं.

पैनगंगेला पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. करीमभाईनं मोटार घातली. अर्ध्यात गेल्यावर मागची चाकं रेतीत फिरू लागली, फिरत फिरत खाली गेली आणि मोटार बसली. पाणी पायाखालच्या फळीशी आलं. मी भाकऱ्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

पलीकडून एक शेतकरी बैलजोडी घेऊन पाण्यावर येत होता. त्यानं थोडा वेळ मजा पाहिली.

"काय झालं वं माय? तेल पाजलं नाई का तिले?"

"पाजलं बाप्पा," करीमभाई कमरेत वाकून चाकाखालची रेती उपसत म्हणाला, "पण पाणी दिसलं अन् बसली म्हशीवानी."

"माहे बैल आजलोक मोटार दिसली का पळत सुटत. आता तिलेच ओढा म्हणतो, तं त्याईचा माह्यावर इस्वास बसन का?"

बैलांचा विश्वास बसला. दोर बांधला. शेतकरी आणि करीमभाई म्हणाले, साहेबांना उचलून काठावर न्या, मोटार हलकी होईल. हे म्हणाले, "नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा "नाही." मग टोपी नीट करून ताठ बसले, आणि पुढे बैल, मागून करीमभाई आणि मी ढकलतो आहोत, अशी वरात नदीतून निघाली.

"नवरदेव तं मोठा झोकात बसला!" शेतकरी म्हणाला.

तेव्हा हे हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण ज्येष्ठापासून पहिल्यांदा. माझं लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं, हात चिखलानं भरलेले, तरी तिथंच थांबावं असं वाटलं मला.

नाका

नाका म्हणजे रस्त्यावर आडवं टाकलेलं लाकूड, एक कौलारू घर आणि चिंच. नाकेदार हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ, मेंदीनं रंगवलेली दाढी, लाल रुमी टोपी. मराठी त्यांना सगळी कळे, बोलताना मात्र तिकडची हिंदी येई. ह्यांना पाहून खुर्ची मोटारीपाशी मागवून घेतली आणि तिथंच बसून कागद लिहायला घेतला. साहेबाला उतरवायला नको म्हणून. मला माणूस आवडला.

"अम्मा, मोटर आने-जाने की है, या रहने की?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. करीमभाई हळूच म्हणाला, "रहने की, साब."

"हौ. तो अंजन का नंबर देखना पडेगा. कागज से मिलाना पडता."

अंजन म्हणजे इंजीन. करीमभाईनं मोटारीचं पुढचं झाकण उचललं आणि तसाच धरून उभा राहिला. शिपाई वाकला. नाकेदार वाकले. मी पुढे झाले आणि माझ्या लक्षात आलं, बाई, हे आपलं काम!

झालं होतं असं. मोटार घेतली त्या वर्षी ती तीनदा वाटेत बंद पडली. दसऱ्याला मी करीमभाईला म्हटलं, उघड, आतून पूजा करू. उघडलं तर आत पत्र्यावर एक पितळी चौकोन, त्यावर उठावाची अक्षरं. मला वाचायला येतं ते सुलूच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलेलं, मराठीपुरतं, इंग्रजी नाही. मला तो आमच्या देवघरातल्या टाकासारखा दिसला. पत्र्यावर देव उठवलेला असतो ना, तसा. म्हटलं, हा मोटारीचा देव. तेलात शेंदूर कालवून लावला, नारळ फोडला. त्यानंतर मोटार वाटेत अडली नाही. मग काय, दर दसऱ्याला शेंदूर. पोळ्यालाही, कारण बैलांना मान आणि मोटारीला नाही हे बरं दिसेना. ह्यांनी पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "राहू दे, इंजीन गरमच असतं, देवाला थंडी वाजायची नाही." सात वर्षांचा शेंदूर चढून, तापून, घट्ट होऊन आता तिथं नाक-डोळे नसलेला एक मारुतीच बसला होता.

"अम्मा, ये क्या?"

"देव हाय, साहेब."

"और इसके नीचे?"

"नंबर असंल."

"हाय साब," करीमभाई म्हणाला. "मी पयल्या साली पायला होता."

"तो बोलो, क्या था?"

"अंग्रेजी था साब. वाचता नाई आला. पण दिसायले सोपा होता."

शिपायानं पटाशी आणली. नाकेदारांनी त्याचा हात धरला. "ठैर. पूजा की चीज है इनकी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, की नंबर पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही, आणि कोणाच्या देवाला पटाशी लावणं माझ्यानं होणार नाही. तुम्हीच काढा.

पण मी कशी काढणार? आमच्यात देवाचा शेंदूर खरवडत नाहीत. आपोआप कवच सुटलं तर नदीत सोडतात. करीमभाईला म्हटलं, तू काढ. तो दोन पावलं मागे सरला.

"माय, मले नको सांगू. सात साल याच्याच भरोशावर गाडी हाकलली. रोज सकाळी याले सलाम केल्याबगर हँडल नाई मारलं मी."

मुसलमान माणूस, पण त्यालाही धीर होईना. मग नाकेदार म्हणाले, मोटार इथं सुखरूप ठेवतो, साहेबांना बैलगाडीनं पाठवतो, वाशीमहून 'हीच ती मोटार' असा पक्का कागद आणा. ह्यांनी ऐकलं. "नाही. गाडी," म्हणाले, आणि तोंड वाशीमच्या दिशेला फिरवलं. एकदा परत गेले की हा माणूस पुन्हा काही निघायचा नाही.

ऊन उतरलं. नाकेदारांनी स्वतःची बाज चिंचेखाली आणवून ह्यांना निजवलं. थोड्या वेळानं शिपाई ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, कांदे, पेरू, कोरी मडकी आणि मातीचा कोरा तवा घेऊन आला. शिजवलेलं काही नाही. आमच्यासारख्या बाया त्यांच्या घरचं शिजलेलं खात नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून न बोलता कोरडा शिधा पाठवला. मी तीन दगडांवर पिठलं-भाकरी केली. पहिलं ताट त्यांना पाठवलं. त्यांनी ते सगळं खाल्लं आणि आणखी भाकरी मागून घेतली. आमची ही रीत मी कधी मोजून पाहिली नव्हती. त्या दिवशी चुलीपाशी बसून पहिल्यांदा वाटलं, की त्यांच्या घरातून जेवणाचं बोलावणं आलं असतं तर मी काय केलं असतं? येऊ नये अशी त्यांनीच काळजी घेतली होती.

दुसरा दिवस

रात्र तिथंच गेली. सकाळी ह्यांचं तोंड धुवून झालं, तेव्हा नाकेदार कागद घेऊन आले. रातभर विचार केलेला दिसत होता.

"अम्मा, एक रास्ता है. तुम बोलो, हम बेटी के पास मेहमान आए, महिना-दो महिना रहते, फिर मोटर वापस. मैं वैसी चिठ्ठी लिख देता. उसमें नंबर नै लगता. तुम्हारा देव भी रहता, तुम भी जाते. पर बोलना तुमकू पडेगा."

मला तर देवच भेटला. मी म्हटलं, "हाव साहेब, पाव्हणेच आहो आमी. लिवा."

त्यांनी दौतीत लेखणी बुडवली.

"नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, कागदापुरतं. लेकीच्या घरी पाहुणे म्हणून गेलो असं कागदावरच लिहिलेलं असेल. तुम्हाला तेच तर हवं होतं ना?"

"नाही." ह्या वेळी मोठ्यानं. कपाळावरची शीर फुगली.

सहा महिन्यांत ह्यांच्या 'नाही'चे सगळे प्रकार मला ओळखू येऊ लागले होते. औषधाचा वेगळा, भाताचा वेगळा, लेकीकडे जाण्याचा वेगळा. हा आजवर ऐकला नव्हता. पण आजाराआधीचा आठवत होता. जिनात कोणी ओला कापूस सुका म्हणून लिहा म्हटलं, की ह्यांचा असा आवाज निघायचा. कागदावर खोटं लिहायचं नाही. आणि खरं काय, ते ह्यांनी तिथं चिंचेखाली बाजेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं. परत जाणार नव्हते.

"गाडी," म्हणाले.

करीमभाईनं उचलून मोटारीपाशी उभं केलं, मागून कमरेला विळखा घालून धरलं. झाकण उघडंच होतं. ह्यांनी डावा हात आत घातला आणि अंगठ्याचं नख शेंदराच्या काठाला लावलं.

मी मनगट धरलं. "अहो, नका. कोणासाठी लावत होते मी? तुमच्यासाठीच ना?"

हे माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. बोलता आलं असतं तर कदाचित म्हणाले असते, की माझ्या अंगावरून वारं गेलं ते मोटारीत नाही, आपल्या ओट्यावर; शेंदरानं ते थोडंच अडलं? हे मलाही माहीत होतं. तरी ह्या पोळ्याला आणि दसऱ्याला, मोटार जागची हलत नसताना, मी दुप्पट शेंदूर लावला होता.

मी हात सोडला. मडक्यातलं पाणी आणलं, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि म्हटलं, "देवा, जागा बदलून राह्यलो आमी. रागावू नको." नाकेदार रुमी टोपी सारखी करून बाजूला उभे राहिले होते. करीमभाईचे ओठ हलत होते. त्यानं त्याच्या परीनं काही म्हटलं असेल.

नख काठाखाली गेलं. एक बारीक चीर पडली. मग सगळं कवच एकदम सुटलं, तव्यावरची भाकरी सुटते तसं, आणि ह्यांच्या हातात आलं. आतलं पितळ काल ओतल्यासारखं पिवळं. नाकेदारांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला, शिपायानं कागदावर बोट ठेवून जुळवला. शेवटचा जुळला तेव्हा शिपाई "वाह!" म्हणाला आणि लाजला.

कवच उलटं करून पाहिलं तर आतून तोच नंबर शेंदरात उमटलेला. ते नदीत सोडायलाच हवं होतं. मी आल्या वाटेनं अर्धा कोस मागे चालत गेले, पैनगंगेत कवच सोडलं आणि आले. त्या अवधीत कागद लिहून तयार. आता मालकाची सही.

उजवा हात तर उठत नव्हता. शिपायानं शाईची गादी पुढे केली. ह्यांच्याइतका अंगठ्याचा तिटकारा मी कोणाला पाहिला नाही. जिनात गाडीवान अंगठा उठवायचे तर हे त्यांना रागवायचे, "सही शिक ना बे, किती दिवस बोटं काळी करतो?" ह्यांनी गादीकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे. तो शेंदरानं माखलेला होता. शाईला हात न लावता ह्यांनी तोच अंगठा कागदावर ठेवला आणि दाबला.

"साब, ये चलेगा?" शिपाई घाबरून म्हणाला.

नाकेदारांनी त्या ठशाशेजारी उर्दूत दोन ओळी लिहिल्या. "चलेगा. हाथ उन्हीच का है."

लाकूड वर गेलं.

हिंगोली

पलीकडे गेल्यावर मी दोन्ही बाजूंना बघत होते, राज्य बदललं तर काही वेगळं दिसतं का. कापूस तसाच, तूर तशीच, कुत्री तशीच मोटारीमागं धावणारी. फक्त मैलाच्या दगडांवर उर्दू. करीमभाईला उर्दू येत होती. काल इंग्रजीनं त्याचा पाणउतारा केला होता, त्याचं त्यानं व्याजासकट उट्टं काढलं. प्रत्येक दगडाला मोटार हळू करून मोठ्यानं वाचायचा. मी म्हटलं, "पुरे झालं बाप्पा, अशानं पोचू कवा?" तर म्हणाला, "माय, वाचता येते तं वाचू दे ना!"

सुलूच्या घराची बोळ मोटारीला अरुंद. मोटार तोंडाशीच उभी राहिली. आवाज ऐकून सुलू धावत आली. काल संध्याकाळपासून वाट पाहत होती, डोळे सुजलेले. दार उघडलं, आणि आधी तिला दिसला तो ह्यांचा लाल हात.

"माय! बाबाले काय लागलं?"

"शेंदूर आहे गं," मी म्हटलं. "मग सांगते."

करीमभाईनं ह्यांना उचलून ओट्यावर आणून बसवलं. सुलू तपेलीभर कढत पाणी आणि साबण घेऊन पायांशी बसली. मला धाकधूक होती. दिवाळीला ती आली होती तेव्हा तिनं ह्यांचं तोंड पुसायला हात पुढे केला, तर ह्यांनी मान फिरवून भिंतीकडे केली होती. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

तिनं डावा हात हातात घेतला. अंगठ्याला साबण लावला, घासलं, पाणी ओतलं. नखाच्या कडेला, रेघांमध्ये लाल तसाच. तेलातला शेंदूर, तो काय एका पाण्यानं निघतो? तिनं पुन्हा साबण लावला. जावई बाजूला उभे राहून विचारत होते, नाक्यावर त्रास झाला का, कागद झाला का. मी त्यांना कागद दिला. सुलू घासत राहिली, आणि हे तिच्या हातात हात देऊन बसून राहिले.